हाउन्सलो हीथवरची सकाळ: इथले पक्षी, आपली नावं

आजचा भाग पक्ष्यांचा आहे, पण सुरुवात पाहुण्यांपासून करू.

जून लागला की आपल्यातल्या बऱ्याच घरी भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येतात. भारतातलं घड्याळ उन्हाळ्यात इथल्यापेक्षा साडेचार तास पुढे, त्यामुळे पहिले काही दिवस पहाटे तीन-साडेतीनलाच ते टक्क जागे असतात. बाकीचं घर झोपलेलं. टीव्ही लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही, नुसतं खिडकीशी बसायचं. आठवड्याभरात झोप जुळते. पण दिवस इतका मोठा आणि बोलायला कुणी नाही, हे काही जुळत नाही.

तर त्या जाग्या माणसाला घेऊन एका रविवारी हाउन्सलो हीथवर जा, असं आज सांगायचं आहे. नातवंडांनाही उठवा. उठतील, एकदा तरी. तिथे जे पक्षी दिसतील त्यांतले बरेच आजी-आजोबांना नावानिशी माहीत आहेत. या देशात ज्या गोष्टींत त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं अशा गोष्टी फार नाहीत, आणि ही त्यांतली एक आहे.

आधी वेळेचं बघू, कारण इथेच बहुतेकांचं फसतं. लंडनमध्ये जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेपाचच्या सुमाराला उगवतो आणि रात्री सव्वानऊ उलटून गेल्यावर मावळतो. मुंबईत याच दिवसांत सूर्योदय सहाला. पक्षी उजाडायच्या तासभर आधीपासून गायला लागतात. त्या वेळी हवा स्थिर असते, त्यामुळे आवाज लांबवर जातो. किडे शोधायला उजेड पुरेसा नसतो, म्हणजे गाण्याला वेळ मोकळा. शिवाय रात्र काढून आपण धडधाकट आहोत आणि ही जागा अजून आपलीच आहे, हे शेजाऱ्यांना आणि मादीला कळवणं भागच असतं. बहुतेक वेळा गातो तो नर. सात-साडेसातपर्यंत हा जोर ओसरतो आणि मग कुत्री फिरवणारी मंडळी येऊ लागतात.

महिन्याचं गणित याहून महत्त्वाचं. गाणं हे विणीच्या हंगामाचं काम आहे. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत त्याचा भर असतो. जुलै सरता सरता पिल्लं उडालेली असतात, मोठ्या पक्ष्यांची जुनी पिसं झडून नवी येत असतात, उडण्याची ताकद कमी झालेली असते, म्हणून ते झाडीत गप्प बसून राहतात. आपल्या मुलांच्या शाळांना सुट्टी लागते नेमकी तेव्हा. दर ऑगस्टला कुणीतरी म्हणतं, ‘आम्ही गेलो होतो, काहीच नव्हतं हो.’ पक्षी होते, पण तोंड बंद करून होते. म्हणून जूनमधला रविवार, सुट्टीची वाट पाहू नका. फार अंधारात मात्र जाऊ नका. जागा निर्जन असते, दोघं-तिघं मिळून साडेपाचच्या सुमाराला पोचलात तरी भरपूर हाती लागतं. हाउन्सलोतून स्टेन्स रोडने जाणारी बस हीथपाशी सोडते. गाडी नेणार असाल तर गाडीतळाचं फाटक इतक्या लवकर उघडं असेल हे धरून चालू नका.

हीथ म्हणजे आपल्या भाषेत माळ. खडीची, पाणी न धरणारी, नापीक जमीन, तिच्यावर हीदरची झुडपं, पिवळ्या फुलांचा काटेरी गॉर्स, उंच गवत आणि मधूनमधून बर्चची झाडं. एके काळी हा माळ हजारो एकर पसरलेला होता आणि वाटमाऱ्यांसाठी बदनाम होता. आज उरलाय सुमारे २०० एकर, राखीव निसर्गक्षेत्र म्हणून. याच माळावरून १७८४ मध्ये जनरल विल्यम रॉय यांनी पाच मैलांहून थोडी लांब अशी एक सरळ रेषा काटेकोर मोजली आणि तिच्यावर ब्रिटनच्या शास्त्रीय मोजणीचा पाया रचला गेला. इथल्याच विमानतळावरून २५ ऑगस्ट १९१९ रोजी पॅरिसला रोजची विमानसेवा सुरू झाली. हीथ्रो त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं. पश्चिमेचा वारा असला की उतरणारी विमानं हाउन्सलोच्या डोक्यावरून जातात, आणि दोन विमानांच्या मधल्या दीड-एक मिनिटात पक्षी ऐकायचा, अशी इथली रीत आहे. हसू नका, सवय होते. युरोपातल्या काही विमानतळांजवळच्या पक्ष्यांचा अभ्यास झाला, तेव्हा ते विमानांची वर्दळ सुरू व्हायच्या आधीच गाणं उरकून घेतात असं आढळलं.

उन्हाळ्यात झाडं पानांनी भरलेली असतात, म्हणून डोळ्यांआधी कान लावायचे. फाटकातून आत शिरलात की दहा मिनिटं एका जागी नुसते उभे राहा. मुलांना सांगा, किती वेगवेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजा.

पहिला आवाज बहुधा किर्र किंचाळणारा असेल आणि आजी तो बघायच्या आधी ओळखतील. पोपट. हिरवा, लांब शेपटीचा, नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी. हा पोपटासारखा दिसणारा कुणी दुसरा नाही, आपल्या पेरूच्या बागेतला जो राघू, तीच ही जात. ब्रिटनमध्ये ते मोकळे घर करून राहू लागले १९६९ च्या सुमारास, आणि आता लंडनच्या पश्चिमेला त्यांचे थवेच्या थवे आहेत. ते आले कसे याची एक लाडकी गोष्ट आपल्याच भागातली आहे. १९५१ मध्ये ‘द आफ्रिकन क्वीन’ या सिनेमाचं काही चित्रीकरण आयझलवर्थच्या स्टुडिओत झालं, तिथून पोपट सुटले म्हणे. दुसरी गोष्ट जिमी हेंड्रिक्सने लंडनमध्ये जोडी सोडल्याची. २०१९ मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदींचा नकाशा मांडून पाहिला, तर दोन्ही गोष्टींना आधार मिळाला नाही. पिंजऱ्यातले पोपट ठिकठिकाणी, वर्षानुवर्षं सुटत गेले, एवढंच खरं. जनुकांच्या तपासणीत इथल्या पोपटांचं मूळ मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारताकडे निघालं. तिथली थंडी सोसलेल्या पक्ष्याला लंडनची थंडी जड गेली नाही. (तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, हे जाता जाता. पुढच्या भारतभेटीत कुणी ‘मुलांसाठी घेऊ या का’ म्हणालं तर लक्षात असू द्या.)

आता नावांकडे येतो. इथले किमान सात-आठ पक्षी अगदी त्याच जातीचे आहेत जे महाराष्ट्रात राहतात. चिमणी तीच. पोपट तोच. पाण्याकाठी ध्यान लावून उभा असतो तो राखी बगळा तोच. पांढराशुभ्र, काळ्या चोचीचा आणि पिवळ्या पंजांचा छोटा बगळासुद्धा तोच, आणि गंमत म्हणजे तो इथे आपल्याहून नवा रहिवासी आहे. त्याचं ब्रिटनमधलं पहिलं घरटं १९९६ मध्ये डॉर्सेटजवळच्या ब्राउन्सी बेटावर झालं. मानेमागे बारीक काळी कड असलेला फिकट होला आशियातून युरोप ओलांडत स्वतःच्या पंखांनी इथे आला आणि १९५५ मध्ये नॉरफोकला पहिल्यांदा अंडी घालून स्थायिक झाला. त्याचं घुमणं तीन सुरांचं असतं, मधला लांब: कु-कूऽऽ-कु. पाच सुरांचं घुमणं ऐकू आलं तर तो होला नाही, इथला गुबगुबीत वुड पिजन. हा फरक शिकायला लहान मुलाला दोन मिनिटं लागतात.

काही पक्षी तेच नाहीत, पण नात्यातले आहेत. स्टार्लिंग हा आपल्या साळुंकीच्या कुळातला. चाल बघा, तीच तुरुतुरु चाल. मॅगपाय कावळ्याच्या घराण्यातला, आपल्या टकाचोराचा भाऊबंद. इथला कावळा सगळाच काळा, म्हणजे आपल्या डोमकावळ्यासारखा. पितृपक्षातलं पान त्यालाही चालतं, फक्त मॅगपाय आधी पोचतो. पिवळ्या चोचीचा काळा ब्लॅकबर्ड छपराच्या टोकावर बसून संथ शीळ घालतो. सह्याद्रीतल्या कस्तुराचा तो जवळचा नातलग आणि माझ्या मते लंडनचा सगळ्यात सुरेल गायक.

आणि काही ठिकाणी नाव फसवतं. इथल्या ‘कक्कू’ला आपण सर्रास कोकिळा म्हणतो. मराठी कोकिळ वेगळा, पावशा वेगळा, इथला कक्कू वेगळा. कूळ एक, पक्षी तीन. रॉबिनची गोष्ट तर उलटी आहे. इंग्रज आपल्याकडे आले तेव्हा अंगणातला काळा-पांढरा दयाळ शेपटी उडवत गाताना पाहून त्यांना घरचा रॉबिन आठवला आणि मॅगपायचे रंगही दिसले, म्हणून त्यांनी त्याला ‘मॅगपाय रॉबिन’ करून टाकलं. घरापासून लांब आलेल्या माणसांनी समोरच्या पक्ष्याला आपल्या गावचं नाव दिलं. मग आपण इथल्या तांबड्या छातीच्या रॉबिनला ‘इथला दयाळ’ म्हटलं तर काय बिघडलं? फक्त मुलांना दोन्ही नावं द्या. शाळेत ‘दयाळ’ कुणाला कळणार नाही आणि आजोबांना रॉबिनशी काही देणंघेणं नाही.

माळावर थोडं पुढे, गॉर्सच्या झुडपांपाशी एक छोटा तपकिरी पक्षी टोकावर चढून खरखरीत आवाजात भराभरा बडबडेल, हवेत उडी मारेल आणि पुन्हा झुडपात बुडेल. गळा पांढरा. हा व्हाइटथ्रोट. मराठीत या सगळ्या कुळाला ‘वटवट्या’ म्हणतात, आणि याला एकदा ऐकलं की ते नाव कुणी का ठेवलं हे विचारावं लागत नाही. हा हिवाळ्यात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, साहेल नावाच्या पट्ट्यात जातो. १९६९ च्या वसंतात गेलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश व्हाइटथ्रोट परत आलेच नाहीत. इथे सगळं जागच्या जागी होतं, झुडपं होती, किडे होते. दुष्काळ पडला होता साहेलमध्ये. ७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आजोबांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पुढे त्यांची संख्या बरीच सावरली, पण हाउन्सलोतल्या झुडपात कोण गाणार हे आफ्रिकेतल्या पावसावर ठरतं, हे तेव्हापासून पक्षीनिरीक्षकांना पक्कं कळलं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो दरवर्षी ऐकू येतो. हिवाळ्यात उजनी किंवा नांदूर मध्यमेश्वरला जे पाहुणे पक्षी येतात ते इंग्लंडहून येत नाहीत. ते येतात सायबेरिया, मध्य आशिया, हिमालयापलीकडून. इथले पाहुणे जातात आफ्रिकेला. हाउन्सलोतली भिंगरी थंडीत थेट दक्षिण आफ्रिका गाठते. आपल्याकडे तारांवर बसलेली भिंगरी तीच जात, पण तिचा गाव वेगळा, वाट वेगळी.

माळ ओलांडून पश्चिमेच्या कडेला गेलात की झाडी दाट होते आणि खाली क्रेन नदी लागते. नदी कसली, आपल्या हिशेबाने ओढाच. या पाण्यावर कधी काळी बंदुकीची दारू बनवणाऱ्या गिरण्या चालायच्या, अगदी १९२० च्या दशकापर्यंत. इथे हवा एकदम गार होते, आवाजही बदलतात. चिफचाफ स्वतःचंच नाव घोकत असतो: चिफ-चाफ, चिफ-चिफ-चाफ. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो तसंच हे. ‘टक टक’ ऐकू आली तर तो ठिपक्यांचा सुतार. हिरवा सुतार मात्र क्वचितच टकटक करतो. तो मोठ्याने हसल्यासारखा ओरडतो आणि बराच वेळ माळाच्या गवतात मुंग्या खात असतो. जमिनीवर बसलेला सुतार पाहून पहिल्यांदा गोंधळायला होतं.

पाण्यात तांबड्या कपाळाची पाणकोंबडी असेल, तीही आपलीच. आणि नशीब असेल तर खंड्या. भारतात तारेवर बसलेला तपकिरी डोक्याचा मोठा खंड्या आपण जास्त पाहतो. हा त्याहून लहान, चिमणीएवढा, नारिंगी पोटाचा, पण हाही महाराष्ट्रातल्या ओढ्यांवर असतो. तो बसलेला दिसेल या आशेवर राहू नका. एक बारीक, तीक्ष्ण शीळ ऐकू येईल आणि पाण्यालगत निळी रेघ सरकन जाईल, तेवढंच. २०११ मध्ये या नदीत सांडपाणी सुटून हजारो मासे मेले होते. नंतर नदीत पुन्हा मासे सोडले, स्वयंसेवकांनी काठ साफ केले. खंड्या दिसला याचा अर्थ पाण्यात मासे आहेत.

सामानाचं थोडक्यात. दुर्बीण एक पुरे, ८ बाय ३२ किंवा ८ बाय ४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा भिंगाच्या मिलिमीटरचा. दहा पटीची घेऊ नका, हात हलतो आणि मुलांना काही सापडत नाही. पायात लांब पॅन्ट, कारण गवतात गोचिडी असतात आणि कडेला नेटल, म्हणजे खाजकुयलीची इथली मावशी. थर्मासमध्ये चहा. आवाज ओळखणारी मोफत ॲप आहेत, मर्लिन त्यातलं चांगलं. माझा धंदाच सॉफ्टवेअरचा असल्याने एक सांगतो: ॲप देतं तो अंदाज असतो. त्याने नाव दाखवलं की यादीत लगेच लिहू नका, आधी पक्षी डोळ्यांनी शोधा. आणि विणीच्या दिवसांत फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवू नका. नर तो प्रतिस्पर्धी समजून पिल्लांना सोडून भांडायला येतो.

आता चिमणीबद्दल. ‘एक घास चिऊचा’ म्हणत आपण इथे मुलं भरवतो, पण त्या मुलांना चिऊ दाखवायची म्हटलं तर कठीण आहे. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत लंडनमधल्या चिमण्या सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. नेमकं एकच कारण सापडलेलं नाही. पिल्लांना भरवायला किडे कमी पडतात हे एक. २०१९ च्या एका अभ्यासात पक्ष्यांना होणाऱ्या मलेरियाचा मोठा प्रादुर्भाव लंडनच्या चिमण्यांत आढळला, हे दुसरं. पण दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत आणि त्या सांगायला थोडं अवघड वाटतं, कारण त्या आपण सगळेच करतो. घर घेतलं की पुढचं दाट कुंपण काढून तिथे दोन गाड्यांची फरशी टाकायची. आणि पाहुण्यांसाठी खोली हवी म्हणून लॉफ्ट वाढवायचा. चिमण्या कुंपणात लपतात आणि कौलांखालच्या फटीत घर करतात. स्विफ्टही तसेच, जुलैच्या संध्याकाळी छपरांवरून किंचाळत घिरट्या घालणारे ते कोयत्यासारखे काळे पक्षी. स्विफ्ट सलग दहा-दहा महिने जमिनीला न टेकता उडत राहतात, आफ्रिकेहून येतात आणि दरवर्षी त्याच फटीत शिरतात. फट बुजलेली असेल तर त्यांना दुसरं घर नाही. २०२१ मध्ये ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत स्विफ्टचं नाव लागलं. चिमणी तिथे आधीपासून आहे.

म्हणून छपराचं काम काढण्याआधी मे ते जुलैमध्ये एक-दोन संध्याकाळी अंगणात उभे राहून वर बघा, कुणी आत-बाहेर करतंय का. वापरातलं घरटं मोडणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा काम सप्टेंबरनंतर धरा. कंत्राटदाराला सांगून भिंतीत वरच्या बाजूला एक पोकळ ‘स्विफ्ट ब्रिक’ बसवून घ्या. लॉफ्टच्या खर्चापुढे तिची किंमत काहीच नाही. चिमण्याही तीत राहतात. कुंपण सगळं काढायचं नसेल तर एक बाजू ठेवा.

घरी आल्यावर मुलांकडून यादी करून घ्या. तीन रकाने: इंग्रजी नाव, मराठी नाव, आणि ते मराठी नाव कुणी सांगितलं. मराठी रकान्यात अडलं तर मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ आहे, नाहीतर गावाकडे फोन लावा. प्रांताप्रांतात नाव बदलतं. कोकणातल्या आजी आणि विदर्भातले आजोबा यांचं एकाच पक्ष्यावरून वाजलं तर वाजू द्या, दोन्ही नावं लिहा.

एक जागा मात्र दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा: फेल्टमजवळची बेडफन्ट लेक्स. जुन्या खडीच्या खाणींत पाणी भरून झालेले तलाव आहेत ते. तिथे काळा, गोलसर, बदकाएवढा एक पक्षी सगळीकडे दिसेल. इंग्रजीत त्याला कूट म्हणतात. कपाळावर पांढरा ठसठशीत पट्टा, जणू गंध लावलंय. आजोबांना नाव विचारा. पाण्याकाठी वाढलेले असतील तर सांगतील: वारकरी. आषाढीच्या आसपासच्या रविवारी गेलात तर त्यांची पिल्लंही बरोबर असतील.